दुसरी सही

नागनाथ गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवून नुकताच आडवा झालो होतो. त्याच्या शेजाऱ्यांनी एवढंच सांगितलं, "मास्तर, सर गेले. लगेच या." पंधरा मिनिटांत विजापूर रोडवरच्या त्याच्या घरी पोचलो. माणसं जमली होती, नागनाथला हॉलमध्ये ठेवलं होतं आणि सुलभावहिनी, त्याची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून त्या उठल्या, जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, गॅस मी बंद केलाय. तुम्ही तेवढा एकदा बघून या." आजूबाजूच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. धक्क्यानं बाईचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, असंच त्यांना वाटलं असणार. मी मात्र स्वयंपाकघरात गेलो, वाकून रेग्युलेटर बघितला आणि परत येऊन सांगितलं, "बंद आहे." मग त्या खाली बसल्या, आणि तेव्हा कुठे रडल्या.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. नागनाथ आणि मी माढ्याच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी सोलापुरात हायस्कूलला इंग्रजी शिकवायला लागलो आणि तो हैदराबादला विमानांच्या हँगरमध्ये. लोक विचारायचे, पायलट आहे का? नाही हो, विमान उडायला लायक आहे असं बघून जो कागदावर सही करतो, तो माणूस. ती सही झाल्याशिवाय पायलट आपल्या खुर्चीत नुसता बसून राहतो. त्यांच्या धंद्यातला एक रिवाज असा, की महत्त्वाचं काम एकानं केलं की ते न केलेल्या दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि खाली दुसरी सही करायची. या शहाण्यानं तो रिवाज उचलून घरात आणला. गॅस, दाराची कडी, लग्नपत्रिकेवरची तारीख, माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यासुद्धा. मी वैतागून म्हणायचो, "अरे, हे घर आहे, विमानतळ नाही." तो शांतपणे म्हणायचा, "ज्यानं केलं त्येला आपली चूक दिसत न्हाय, मास्तर. त्येला वाटतं, केलंय म्हंजे झालंय." पस्तीस वर्षं हँगरात काढून माढ्याची बोली काही त्याच्या तोंडून गेली नाही, आणि तिकडे साहेबलोकांत वावरताना त्याला तिची कधी लाज वाटल्याचंही मी बघितलं नाही.

निवृत्त होऊन सोलापुरात आल्यावर त्यानं गच्चीवर पत्र्याची एक खोली बांधली. आपल्या भागातली, सांगोल्याची, बार्शीची, अक्कलकोटकडची पोरं-पोरी विमानदेखभालीचे कोर्स करून यायची आणि लायसन्सच्या परीक्षेला अडकून बसायची. त्यांना तो त्या खोलीत शिकवायचा. उन्हाळ्यात ती खोली अशी तापायची की मी खालूनच हाक मारायचो, वर जायचो नाही. पण त्याचं खरं भांडण त्या परीक्षेशीच होतं. तो म्हणायचा, हँगरमध्ये मॅन्युअल, म्हणजे विमान बनवणाऱ्या कंपनीचं कामाचं पुस्तक, बंद ठेवून आठवणीवर काम केलं तर तो गुन्हा. आणि ज्या परीक्षेतून हँगरसाठी माणूस निवडायचा, तिथं मॅन्युअल उघडलं तर तो गुन्हा. हे कुठलं शहाणपण? पोरं जुने प्रश्न घोकतात, पास होतात, आणि पहिल्याच दिवशी त्यांना 'पाठ केलेलं विसरा' म्हणून सांगावं लागतं. म्हणून त्यानं वरच्या खात्याला पत्रं लिहायला सुरुवात केली. परीक्षेचा एक भाग तरी मॅन्युअल उघडं ठेवून घ्या. प्रत्येक प्रश्नाखाली तो मॅन्युअलच्या कुठल्या आवृत्तीवरून काढला ते लिहा. उमेदवाराला त्याचा पेपर बघू द्या. चार वर्षं तो लिहीत होता, आणि ती पत्रं इंग्रजीत सरळ करून द्यायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. बदल्यात वहिनींच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी मिळायची, त्यामुळे माझी तक्रार नव्हती.

चार वर्षांनी त्यांचं उत्तर आलं. परीक्षेत काय बदल करावेत याची बैठक ठरतेय, तुमचं नाव बोलावण्याच्या यादीत आहे. नागनाथनं ते पत्र घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि आठवडाभर तोच शर्ट घातला. मी चिडवलं तर म्हणाला, "धुवायला टाकला तर कागद भिजंल की."

आणि त्याच सुमाराला सारिकाचा निकाल लागला. सारिका सांगोला तालुक्यातली, घरी मेंढरं, आईबाप वर्षातले सहा महिने कळपामागे. ती हैदराबादला हँगरमध्ये मदतनीस म्हणून लागली होती आणि सुट्टीला आली की नागनाथच्या खोलीत बसायची. सगळे पेपर सुटले होते, शेवटचा राहिला होता, आणि आधीच्या पेपरांची मुदत संपत आली होती. हा गेला तर सगळंच पहिल्यापासून. ती जिना चढून आली आणि म्हणाली, "सर, येका मार्कानं गेला." रडली नाही. उलट पेपरातले प्रश्न एकेक करून सांगायला लागली, कुठं चुकलं ते बघा म्हणून. त्यात एक प्रश्न होता, अमुक जातीचं विमान उतरल्यावर टायरमधली हवा किती वेळानं मोजायची? मी त्या दिवशी खोलीत होतो. मलाही कळेल असा तो प्रश्न होता. टायर गरम असताना मोजून उपयोग नाही, एवढं कुणालाही समजतं. सारिका म्हणाली, "मी तीन तास लिवलं. मॅन्युअलात तेच हाय."

नागनाथनं हातातला चहा खाली ठेवला. "पहिला पर्याय काय होता? हिवाळ्यात लगेच, उन्हाळ्यात तासाभरानं… असा होता का?"

"व्हय सर. तुमाला कसं ठावं?"

तो म्हणाला, "प्रश्न माझाच हाय, पोरी."

नोकरीत असताना खात्यानं परीक्षेसाठी त्याच्याकडून काही प्रश्न तयार करून घेतले होते. तो फसवा पर्याय त्यानंच घातला होता. तेव्हाच्या मॅन्युअलमध्ये दोन तास होते, म्हणून बरोबर उत्तर म्हणून त्यानं दोन तास लिहून दिलं होतं. पुढे मॅन्युअल बदललं. प्रश्न तसाच राहिला, उत्तरही. नवं मॅन्युअल वाचणारी पोरगी नापास झाली, आणि जुनं घोकणारे पास झाले असणार.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहायला बसलो. मी सुरुवात केली, 'असे निदर्शनास आले आहे की…' त्यानं विचारलं, "कुणाच्या निदर्शनास?" मग म्हणाला, लिही, हा प्रश्न मी तयार केला होता आणि त्याचं उत्तर आता चूक आहे. मी ती ओळ लिहिली आणि लगेच खोडली. आज लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मी त्याला पोटतिडकीनं समजावत होतो. अरे, प्रश्न चुकला एवढं कळवलं तरी पोरीचं काम होतंय. तुझं नाव कशाला? चार वर्षांनी बैठकीला बोलावतायत. ज्याचा स्वतःचा प्रश्न चुकला तो काय आम्हाला परीक्षा शिकवणार, असं म्हणून तुला बाहेर ठेवतील. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "मास्तर, टायर फुटला तर 'निदर्शनास आले' म्हणून भागत न्हाय. सही कुणाची ते बघत्यात. आणि चूक कशी राहती ते जो चुकला त्यानंच सांगितलं तर पटतं." मी खोडलेली ओळ त्यानं स्वतःच्या हातानं खाली परत लिहिली, वाकड्यातिकड्या इंग्रजीत, आणि मला दुरुस्तही करू दिली नाही.

काही महिन्यांनी तीन तास लिहिणाऱ्या सगळ्यांना तो मार्क मिळाला. सारिका पास झाली. ती बैठकही झाली, पण नागनाथला बोलावणं आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. मला राग आला होता, त्याच्यावर जास्त आणि त्यांच्यावर कमी. वर्षभरानं प्रश्नाखाली मॅन्युअलची आवृत्ती लिहायचा नियम झाला. मोबाईलवर ते वाचून तो म्हणाला, "एक तरी झालं." पुस्तक उघडं ठेवून परीक्षा अजून झालेली नाही. शेवटच्या आठवड्यातही तो त्यावरच पत्र लिहीत होता.

गेल्या रविवारी सारिका हैदराबादहून आली. आता ती स्वतः सही करते. वहिनींनी गच्चीवरची खोली उघडून दिली. टेबलावर नागनाथची प्रश्नांची जाड वही होती. प्रत्येक प्रश्नाशेजारी उत्तर, मॅन्युअलची आवृत्ती, शेवटचं कधी तपासलं ती तारीख, एक सही त्याची आणि दुसरी त्या दिवशी समोर असलेल्या पोराची किंवा पोरीची. मी ठरवलं होतं, ही वही बांधून घ्यायची, प्लास्टिकचं कव्हर घालायचं आणि जशीच्या तशी जपायची. सारिकानं टायरच्या प्रश्नाचं पान काढलं, मोबाईलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "काका, ह्यात परत बदल झालाय. आता नुसते तास न्हाईत, तापमानबी धरायचं हाय. पट्टी कुटं हाय?"

मी वहीवर हातच ठेवला. "अगं, त्याचं अक्षर आहे ते. राहू दे ना तसंच…"

"म्हणूनच की, काका," ती म्हणाली. "सरांनी आपलं नाव चुकीच्या उत्तराखाली ऱ्हाऊ दिलं न्हवतं. आता मी ऱ्हाऊ देऊ व्हय?"

मी हात काढला. तिनं पट्टी लावून एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. नवं उत्तर लिहिलं, तारीख घातली, सही केली आणि वही माझ्याकडे सरकवली. "दुसरी सही."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"इंग्रजी कळतं न्हवं? हितं काय लिवलंय आणि मी काय लिवलंय, तेच हाय का बघा."

मी चष्मा लावला. मोबाईलवरची ओळ वाचली, वहीतली वाचली, परत मोबाईलवरची वाचली. "'कमीत कमी' राहिलं तुझं," मी म्हणालो. "मूळ ओळीत आहे."

तिनं बघितलं, हसली आणि तो शब्द घातला. मी पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. मग नागनाथच्या वहीत, सारिकाच्या सहीखाली माझी सही केली.