जळबाच्या धीराएवढी नोंद

संगिता राठोड तांड्यावर बसून नेमकं काय काम करते, हे तांड्यात कुणालाच धड सांगता यायचं नाही. ‘कंपूटरवर हाय’ म्हणून लोक विषय मिटवत. तिची आई रूपाबाई मात्र पाहुण्यांना सांगायची, ‘मशीन काहून मरती, ते बघती.’ आणि रूपाबाईचंच बराबर होतं.

नांदेडला शिकून, पुण्याच्या कंपनीत काही वर्षं काढून संगिता घरी परतली होती. काम तेच, जागा वसमत रोडवरच्या तांड्यातली. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो कोसळला की सगळंच आडवं होतं. पण पडता पडता कर्नल एक काम करून जातो: त्या घडीला मेमरीत जे होतं ते मशीनमधल्या मेमरी कार्डावर उतरवून ठेवतो. हा क्रॅश डंप. पंचनाम्याला आलेल्या माणसाला जसं प्रेत, तसा संगिताला डंप.

कंपनी हळद शिजवायच्या बॉयलरवर लावायची एक डबी बनवायची. वाफेचा दाब, ड्रममधली उष्णता बघून हळद कधी काढायची ते डबी पडद्यावर दाखवी आणि मालकाच्या फोनवर कळवी. या भागात ती पहिल्यांदा लावली तांड्यातल्याच मोहनसिंगनं. मोहनसिंग म्हणजे संगिताच्या बापाचा चुलतभाऊ. त्याची बॉयलरची गाडी शेताशेतानं फिरायची, आणि बाकीचे बॉयलरवाले त्याच्याकडं बघून ठरवायचे.

ऐन सीझनात डबी मरू लागली. पडदा गोठायचा, त्यावरचा दाबाचा काटा जागचा हलायचा नाही.

‘तुझ्या शब्दावर लावली बेटा,’ मोहनसिंग म्हणाला. ‘आता लोक हसून राहिले मपल्यावर. काढून टाकतो.’

डबी इथून निघाली की साऱ्या तालुक्यातून निघणार, हे संगिताला कुणी सांगायची गरज नव्हती. तिची तीन वर्षं त्या डबीत गेली होती.

डंप होते, पण तोकडे. फार पूर्वी, मेमरी लहान असताना, कुणीतरी कर्नलमध्ये डंपची हद्द कायमची बांधून टाकली होती. तेवढं लिहून झालं की लिहिणं बंद. हवं ते हद्दीच्या पलीकडं.

पुण्याची संध्या, संगिताची वरिष्ठ, फोनवर म्हणाली, ‘आकडा वाढव की. सगळी मेमरी घे आणि मोकळी हो.’

संगितानं आकडा वाढवला. पुढचा डंप आला तो मधेच तुटलेला, उघडेना सुद्धा. त्याच्या मागचाही तसाच. पुण्यात टेबलावर तसलीच डबी मुद्दाम बंद पाडली तर डंप शेवटपर्यंत चोख यायचा.

मग ती उठून शेतात गेली. बॉयलरवर जळबा होता. मोहनसिंगचा साठीचा गडी, जाळानं भुवया उडालेला.

‘जळबा मामा, पडदा गोठला की तुमी काय करता?’

‘बटन पाडतो.’

‘लगेच?’

‘लगेच न्हाई तं काय पंचांग बघू?’

‘काहून पाडता पण?’

‘विहिरीवरली मोटर गुरगुरली तं स्टार्टर पाडतो का न्हाई आपुन? उभं राहून बघत बसलं तं मोटर जळती. तुही डबी जळाली असती तं म्हनली असतीस, मामा झोपला व्हता का?’

तुटक्या डंपांचं कोडं संगिताला इथं सुटलं. सगळी मेमरी कार्डावर उतरायला वेळ लागतो. डबी मरताना लिहीत असायची आणि जळबा तिला वाचवायला बटन पाडून वीजच तोडायचा.

‘जरा दम धरला तर?’

‘ड्रममधी हळद हाय माय. जास्ती शिजली तं लगदा व्हती.’ त्यानं चंची काढली. ‘तंबाखू मळून दाढंत धरेपस्तोर थांबतो. त्याच्या पल्याड बरमदेव आला तरी न्हाई.’

जुनी हद्द फार आखूड, नवी फार लांब. संगितानं घरी येऊन कर्नलमधला बांधलेला आकडाच काढून टाकला आणि त्या जागी सेटिंग ठेवली. ज्याची जशी जागा, तशी त्यानं हद्द लावावी. टेबलावर पूर्ण, बॉयलरवर कमी.

‘एवढ्यासाठी सेटिंग?’ संध्या म्हणाली. ‘कर्नल सांभाळणाऱ्यांना पाठवताना कारण काय लिहू? तंबाखू?’

‘लिही. खोटं कुठं आहे?’

जळबाच्या तंबाखूत बसेल असा मधला आकडा तिनं डबीत घातला. हवं ते तेवढ्यात सापडेल का, हे तिलाही सांगता येत नव्हतं. ती मोहनसिंगकडं गेली.

‘काका, आणखी एकदा मरू द्या.’

मोहनसिंग बॉयलरकडं वळून पुटपुटला, ‘लोक बरी करून द्या म्हंतेत. ही म्हंती मरू द्या.’ मग म्हणाला, ‘एकडाव. मंग मी काढतो.’

सिद्धेश्वरच्या कालव्याकाठच्या शेतात दुपारी संगितासमोरच पडदा गोठला. जळबाचा हात सवयीनं बटनाकडं गेला, मग चंचीकडं वळला. पडद्याच्या तळाला, डंप किती लिहून झाला ते दाखवणारी एक पांढरी रेघ सरकू लागली.

‘चुना वाळला गं,’ जळबा म्हणाला.

‘पाणी घाला. सावकाश मळा.’

‘लई सावकाश न्हाई जमायचं.’ ड्रमच्या तोंडातून फेस येऊ लागला होता. त्यानं चिमूट दाढेत धरली, हात झटकले आणि बटनावर बोट ठेवलं. रेघ कडेला टेकली. बटन पडलं.

जळबा ड्रमकडं धावला. संगितानं बांधावर बसून कार्ड लॅपटॉपला लावलं. डंप उघडला. आत, ओळीनं, मोहनसिंगच्या फोनला जायचे निरोप साचून बसले होते. शिवारात रेंज नाही, निरोप जात नाहीत, डबी मात्र नवे नवे रचत जाते. शेवटी मेमरीत हलायला जागा उरत नाही. पुण्यातल्या टेबलावर रेंज कधी गेलीच नव्हती.

न गेलेले जुने निरोप टाकून द्यायची सोय तिनं केली. कर्नल सांभाळणाऱ्यांनी पुढं दोन शंका विचारल्या आणि सेटिंगची भर कर्नलमध्ये सामावून घेतली.

डबी गोठायची थांबली. मोहनसिंगनं ती काढली नाही, आणि काढीन म्हणालो होतो हेही पुन्हा बोलला नाही. सीझन उतरता उतरता तो रूपाबाईच्या दारात आला, पाणी प्याला, पावसापाण्याचं बोलला. उठताना संगिताला म्हणाला, ‘दुसरी गाडी घेऊन राहिलो. तिच्यासाठी बी एक डबी पाठवा म्हन पुन्याला.’