मास्तरीणबाईंवरचा संशय

कल्याणात मुलींची शाळा निघाली ती आमच्याच दुसऱ्या घराच्या ओसरीवर. जागा मामंजींनी दिली होती. ते वकील होते; नीती आणि संस्कृती सुधारल्याशिवाय समाज पुढे जायचा नाही, यावर त्यांची सभांतून व्याख्याने होत. शिकवायला पुण्याहून एक विधवा बाई आगगाडीतून एकट्याच आल्या आणि गावाला संशय आला. पोरींना बाटवतील, उलट बोलायला शिकवतील, असे बायका पाणवठ्यावर बोलत.

सासूबाईंना तर झोप लागेना. मी नुकतीच नांदायला आलेली. त्यांनी मला शाळेत घातले ते शिकायला नव्हे, पाळत ठेवायला. घरी आले की विचारपूस. बाई काय खातात, कुणाशी बोलतात, शिकवतात काय? मी सांगे, बाराखडी आणि शिवण. त्यांना ते पटत नसे.

"एवढ्यासाठी कुणी पुणं सोडतं होय?" त्या म्हणत.

मग एके दिवशी मिठागरावरच्या एका आगऱ्याची मुलगी आली. बाईंनी तिला आमच्याच सतरंजीवर बसवले. संध्याकाळच्या आत गावभर झाले. मामंजींनी बाईंना बोलावून अगदी गोड शब्दांत सुचवले, की त्या मुलीला खाली अंगणात बसवावे, लोकांची मने सांभाळावी लागतात. मी दाराआड उभी होते.

बाई म्हणाल्या, "तिला उठवायचं तर तुम्ही येऊन उठवा. माझ्याच्यानं होणार नाही."

मामंजी आले नाहीत. त्यांनी त्या घराच्या अंगणाच्या दाराला कुलूप घातले. बाईंनी खाडीकडच्या एका पडवीत शाळा मांडली. जुन्यांपैकी थोड्याच मुली तिकडे गेल्या.

एका रात्री जेवताना सासूबाईंनी विचारले, "सभेत बोलता तो समाज म्हणजे कोण कोण?" मामंजींनी भात कालवला आणि ते तसेच पानावरून उठले. मग त्या कितीतरी वेळ त्यांच्या पानाकडे बघत बसल्या. इतकी वर्षे बाहेरच्या माणसांवर रोखलेली ती नजर मी घरात वळलेली प्रथमच पाहिली.

सकाळी त्यांनी माझी वेणी घातली आणि मागच्या दाराने मला खाडीकडे धाडले. मामंजींना सांगायचे काय, ते त्या बघून घेणार होत्या.

बाईंवरचा त्यांचा संशय पुरता गेला असे मी म्हणणार नाही. पण मी वाचायला शिकले ते त्या पडवीतच, त्या मुलीच्या शेजारी बसून.