आत्यानं राखून ठेवलेला डोळा

माझ्या आत्याला एकच डोळा होता आणि तो तिनं माझ्यासाठी राखून ठेवला होता. डावा लहानपणी देवीत गेलेला. मी डोळ्यांचा डॉक्टर व्हायला जालन्यात दाखल झालो, त्याच साली तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरला. आमच्या गावात, कुंभार पिंपळगावात, मोतीबिंदूच्या शिबिराची गाडी आली होती, शेजारणी सगळ्या गेल्या, ही गेली नाही. म्हणाली, "घरचा डॉक्टर होऊन राह्यला, मी परक्याच्या हातात डोळा कशाला देऊ?"

तेव्हाच मी तिला दटावून गाडीत बसवायला पाहिजे होतं. पण मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. अजून धड सुई धरता येत नव्हती आणि मी गावभर घरचा डॉक्टर होऊन बसलो होतो.

मग साथ आली. आमचा वॉर्ड कोरोनाच्या पेशंटला गेला, ऑपरेशन थिएटरला कुलूप लागलं, आणि आम्ही डोळेवाले लोकांच्या नाकात काड्या घालत बसलो. ते काम गरजेचं होतं, त्याची तक्रार नाही. पण डोळ्याचं ऑपरेशन पुस्तकातून येत नाही. सर शेजारी खांद्याला खांदा लावून बसतात, दुर्बिणीच्या दुसऱ्या नळीतून बघतात आणि शिकणाऱ्याचं मनगट आपल्या बोटांनी धरतात. किती दाबायचं, कुठं सोडायचं, ते मनगटाला कळतं. सरांनी माझं मनगट मोजून तीन वेळा धरलं होतं, तेवढ्यात सगळं बंद पडलं. नंतर ते मोबाईलवर शिकवायचे. स्क्रीनवर त्यांचं नुसतं कपाळ दिसायचं आणि आवाज तुटायचा.

नवीन जालन्यात स्टेशनच्या बाजूला माझी खोली होती. कोरोना वॉर्डातला माणूस म्हणून घरमालकांनी जिन्याचं दार आतून लावून घेतलं. डबा पायरीवर ठेवायचे आणि लांबूनच सांगायचे, "डॉक्टर, ठेवलाय." घाबरले होते बिचारे, मी पण घाबरलेलोच होतो. दिवसभर त्या प्लास्टिकच्या किटमध्ये, संध्याकाळी खोलीत. आठ-आठ दिवस माझं तोंड कुणी बघायचं नाही. शेवटी मी पण आरशात बघायचं सोडून दिलं.

हाताची सवय मोडू नये म्हणून मी बकऱ्याच्या डोळ्यांवर ऑपरेशन करायला लागलो. तसं सगळेच शिकतात, फक्त एकटे बसून शिकत नाहीत. मटणवाले चाचा सकाळी माझी डबी भरून ठेवायचे. "डॉक्टर साब, आज चार निकाले. ताजे हैं, जल्दी ले जाओ." अख्ख्या शहरात माझी वाट बघणारा तो एकच माणूस. डोळा थर्माकोलवर टाचण्यांनी बसवायचा, छोटी दुर्बीण डोक्याला बांधायची आणि चिरायचं. चिरायला शिकलो, टाके घालायला शिकलो. पण बकऱ्याच्या डोळ्यातलं भिंग मऊ आणि स्वच्छ असतं. म्हाताऱ्या माणसाचा पिकलेला मोतीबिंदू सुपारीसारखा कडक. तो काढायला बकरा काय शिकवणार?

आत्याचा फोन रोज संध्याकाळी यायचा.

"किती शिकला?"

"शिकून राह्यलो, आत्या."

"बराबर शीक. मला काय घाई न्हाई. दारातून माणूस आला का कुत्रं, एवढंच कळत न्हाई फक्त."

ती हे हसत सांगायची. तिकडं तिचा मोतीबिंदू महिन्या-महिन्याला कडक होऊन राह्यला होता, आणि इकडं माझा हात होता तिथंच. ही गोष्ट बोलायला खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

थिएटर उघडलं त्याच आठवड्यात मी आत्याला घेऊन आलो. तोवर माझी शिकायची मुदत संपत आली होती. सरांनी डोळा तपासला आणि मला बाहेर नेलं.

"एकच डोळा आहे आणि उशीर फार झालाय. आत्या म्हणतात तूच करायचं. करतोस? मी शेजारी बसतो."

हो म्हटलं असतं तर सरांनी माझं मनगट धरलं असतं. त्याचीच मी दोन वर्षं वाट बघत होतो. मी म्हणालो, "नाही सर. तुम्ही करा."

आत्याला हे सांगायची माझी हिंमत झाली नाही. तिच्या तोंडावर हिरवं कापड टाकलं, मी बाजूला स्टुलावर बसलो आणि कापडाखाली तिचा हात धरला. भूल फक्त डोळ्यापुरती होती, ती जागीच होती. सरांनी काम सुरू केलं. मध्येच त्यांनी श्वास रोखला तो मला कळला, आणि आत्याचा अंगठा माझ्या तळहातात रुतला. बऱ्याच वेळानं मोतीबिंदू निघाला तो तपकिरी होता, म्हणजे पार पिकून कडक झालेला. माझ्या हातून हा डोळा गेला असता, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी मी काढली. तिनं खिडकीकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तोंडावरचं काढ ते."

मी मास्क खाली केला. "आत्या, डोळा मी न्हाई केला. सरांनी केला. मला जमलं नसतं."

"ठावं हाये. माझा हात धरून कोण बसल्तं मंग?"

ती रागावली नव्हती. तिचं तिकडं लक्षच नव्हतं, ती माझं तोंड बघत होती.

"किती वाळला रे तू," ती म्हणाली. "जेवतो का न्हाई?"

दोन वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी त्या स्टुलावर बसून लेकरासारखा रडलो.

"गप," आत्या म्हणाली. "मला डोळा पुसायची मनाई केलीय तुम्ही लोकांनी."