हिमनदीच्या पोटातली टकटक

संस्थेत त्यांना तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे बर्फबाई. बाईंना हे ठाऊक होतं, आणि मनातून बर्फबाईच जास्त आवडायचं. अडतीस वर्षं त्यांनी एकाच हिमनदीचा पिच्छा पुरवला होता. साचलेला बर्फ मोजायचा, वितळून वाहणारं पाणी मोजायचं, आणि खोल सोडलेल्या माईकवरून आतले आवाज ऐकायचे. बर्फ कुरकुरतो, कण्हतो, मधेच बंदुकीसारखा कडाडतो. त्या सगळ्याची बाईंना सवय झाली. एका आवाजाची मात्र झाली नाही.

दुसऱ्याच वर्षी त्यांचा ड्रिलवाला बर्फाच्या भेगेत पडला. वय एकोणतीस, पण सगळे त्याला मामाच म्हणत. चार दिवस दोर सोडून शोधलं, हाती काही लागलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात माईकवर टकटक आली. तीनदा, मग थांबून एकदा. चहा झाला की मामा तंबूच्या खांबावर अस्संच ठोकायचा.

‘पाणी असेल,’ त्यांनी स्वतःला बजावलं. पण आवाज दर उन्हाळ्यात साठ-सत्तर मीटर खाली आलेला असे. हिमनदी सरकते तेवढाच. बाई नकाशावर पेन्सिलीनं एक ठिपका वाढवत. हे त्यांनी कुठे छापलं नाही, कुणाला सांगितलंही नाही.

निवृत्तीच्या सत्काराला सभागृह भरलं होतं. संचालक भरभरून बोलले. मग हिमनदीचे आवाज ऐकवायचे होते, आणि यंत्रावर बसलेल्या माणसानं नेमकी भलतीच फाइल लावली. तीन टकटक. मग एक.

पहिल्या रांगेत मामाची बायको होती. संस्थेच्या ग्रंथालयात तिची उभी हयात गेली होती. ती जागची हलली नाही. लोक पांगल्यावर मात्र तिनं बाईंना गाठलं.

“किती वर्षं ऐकताय हे?”

“पस्तीस.”

“आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत.”

“काय बोलणार होते, मामी? पाणी आहे ते.”

“हे घरी आले की कडी वाजवायचे नाहीत. असंच दार ठोकायचे.”

बाईंनी नकाशा उलगडला. शेवटचा ठिपका हिमनदीच्या तोंडाशी टेकला होता.

आठवड्याभरात दोघी वर गेल्या. बर्फाच्या गुहेतून पाणी धो धो बाहेर पडत होतं. ड्रिलची लोखंडी कांब एका टोकानं बर्फात रुतली होती. प्रवाह तिला खडकावर तीनदा आपटे, ओढून धरे, मग सोडताच ती आणखी एकदा आदळे.

“पाणीच,” बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

मामीनं नुसतं बोट दाखवलं. कांबेच्या रुतलेल्या टोकावर लोकरी हातमोज्यातली मूठ आवळलेली होती. तिच्यामागे काचेसारख्या बर्फात चेहरा. गालावर दोन दिवसांची दाढी, एक केस पांढरा नाही.

मामी गुडघ्यांवर बसली.

“आपल्या पोराहून लहान दिसतोस रे,” ती म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच तिनं त्याला अरेतुरे केलं होतं. बाईंनी तोंड फिरवलं.

बाईंनी कळवल्यावर दुपारी बचाव पथक आलं. त्यांनी अलगद बर्फ कापून त्याला बाहेर काढलं. त्यांचा प्रमुख कागद घेऊन मामीपाशी वाकला.

“आजी, तुम्ही यांच्या आई का?”

“बायको,” मामी म्हणाली.

त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग मान खाली घालून सांगितलं तसं लिहून घेतलं.