आधी बापाला बाहेर काढ

माझ्यासारख्याने देवीचा असा अनुभव लिहावा की नाही, हे अजून ठरत नाही. घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि या लिहिण्यात भक्तीपेक्षा राग जास्त आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

बाबा आनंदनगरच्या कारखान्यात कामाला. दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयात स्टेंट बसवला. बरं वाटल्यावर गावच्या देवीचं दर्शन घ्यायचं, एवढंच ते म्हणत राहिले. म्हणून बदलापूरहून आमची जुनी गाडी मी चालवत नेली. खाडी फेरीबोटीने ओलांडली की वळणांचा लांबचा रस्ता टळतो, त्यांना धक्के कमी बसतात, असं मला वाटलं.

जेट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की गाडी चढवण्याआधी प्रवाशांनी उतरावं. मी बाबांना उतरवू लागलो तर बोटीवरचा माणूस खेकसला, "म्हाताऱ्याला कशाला उन्हात उभं करतोस? बसू दे आत." नियम त्यांचाच आणि मोडणारेही तेच. तरी मी बाबांसकट गाडी बोटीवर चढवली. त्याने बाबांच्या बाजूला टेम्पो असा खेटून लावून घेतला की दार उघडेना. मी हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये ठेवली, इंजिन बंद करून चावी खिशात टाकली. मी उतरताच माझ्याही बाजूला जीप लागली. पलीकडच्या टेकडीवर देवीचा झेंडा दिसत होता. पुढे कठड्याशी जाऊन मी हात जोडून डोळे मिटले. चावीशिवाय काचा खाली होत नाहीत, हे डोक्यातच आलं नाही.

कोणीतरी माझा दंड धरला. मासळीची रिकामी टोपली घेतलेली एक कोळीण होती.

"पोरा, देवीला नंतर हात जोड. आधी बापाला बाहेर काढ."

बाबा घामाने निथळत काचेवर थापा मारत होते. त्या माणसाचा, देवीचा, स्वतःचा, सगळ्यांचा संताप आला. तुझ्याच दारी येताना हे? डिकी उघड, मागची सीट पाड, असं ती बाईच सांगत गेली. बाबांनी आतून आपली सीट आडवी केली आणि आम्ही दोघांनी त्यांना डिकीतून बाहेर ओढलं. तिने टोपली पालथी घालून त्यांना बसवलं, पदराने वारा घातला. दम खाऊन बाबा म्हणाले, "सामानातच जमा झालो की रे मी."

किनाऱ्याला लागल्यावर ती गर्दीत दिसेनाशी झाली. ती देवीच होती, असं बाबा आजही म्हणतात. मी वाद घालत नाही. देवळात मी काही मागितलं नाही. बोटीवर हात जोडून सगळं देवीवर सोपवलं, असं मला वाटत होतं, पण त्या माणसाला नाही म्हणण्याची माझी भीड मात्र मी जपून ठेवली होती. ती त्या दिवशी तिच्या पायाशी ठेवली. घरी येऊन बोटवाल्यांना तक्रारीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही.

परवा गावाहून चुलतभावाचा फोन आला. ती कोळीण त्याच बोटीने रोज बाजाराला जाते. हल्ली गाड्या चढायच्या वाटेवर टोपली मधोमध ठेवून उभी राहते, आणि आतली माणसं उतरल्याशिवाय ती उचलत नाही.