रीसेंट म्हणजे कधीचं?

"मावशी, रीसेंट म्हणजे अलीकडे. मी काही चूक केलेली नाही," विष्णू म्हणाला.

विष्णू माझ्या बहिणीचा मुलगा. प्लेगच्या तपासणीला येणाऱ्या साहेबाचा दुभाषी. कल्याणला आमच्या आळीत, शेजारच्या यमुनेच्या दारात आम्ही भांडत होतो. प्लेगचं घर म्हणून दारावर काढलेली तांबडी फुली अजून ओली होती.

"अर्थ मला शिकवू नकोस. तुझीच पुस्तकं वाचून मी इंग्रजी शिकले."

या एका शब्दाचे इतके किस्से साठलेत की एक काढला की मागून दुसरे येतात. ते सांगितल्याशिवाय हे भांडण कळायचं नाही.

*

हा शब्द मी प्रथम वाचला तेव्हा शाळेच्या मास्तरांना विचारलं, "रीसेंट म्हणजे किती दिवसांपूर्वीचं?"

"बाई, ते प्रसंगावर आहे."

"मग हा शब्द कसला, ही पिशवी झाली. ज्याच्या हाती, त्याने हवं ते भरावं."

पुढे मास्तरांनी मला कुठल्याच शब्दाचा अर्थ सांगितला नाही. अडलं नाही माझं.

*

रेल्वे आली तेव्हा माझ्या सासूबाई तरण्या होत्या. नातवंडं झाली, दात पडले, तरी शिटी ऐकली की म्हणत, "परवाच आलंय हे खूळ, टिकायचं नाही." गेल्या, पण गाडीत बसल्या नाहीत.

*

ठाण्याच्या मिठागरातला धर्मा आगरी. स्टेशनावर प्लेगच्या तपासणीत त्याला विचारलं, अलीकडे ताप आला होता का? धर्मा खऱ्याचा माणूस. "आला व्हता, मीठ धरायच्या आदी."

म्हणजे हंगाम सुरू व्हायच्या आधी; आणि तेव्हा तर मिठाचा हंगाम सरत आला होता. पण हंगाम चालू आहे तोवर धर्माला सगळं अलीकडचंच. धडधाकट माणसाला प्लेगच्या छावणीत नेलं. आला तो अर्धा होऊन. "खरा बोललो, त्याचीच सजा," एवढंच म्हणाला.

*

आणि यमुना. साहेबाने विचारलं, "एनी रीसेंट डेथ?" विष्णूने मराठी केलं, "घरात अलीकडे कोणी वारलं का?"

यमुना पदर सावरून म्हणाली, "मामंजी."

तिचे सासरे आळीत प्लेग यायच्या आधीच, म्हातारपणाने गेले. पण वर्षश्राद्ध व्हायचं होतं. घरात सण नाही, गोडधोड नाही. ती त्यांना 'पूर्वी गेले' कसं म्हणणार? आता आत ऊन शिरावं म्हणून शिपाई घराची कौलं उतरवणार, आणि तिला अंगावरच्या पोरीसकट खाडीकाठच्या छावणीत नेणार. तिथून तान्हं मूल परत आलेलं आमच्या आळीने पाहिलं नव्हतं.

"साहेबाला आता काय सांगू?" विष्णू कुजबुजला. "शब्द फिरवतो म्हणेल. माझी नोकरी जाईल."

"आणि पोर गेली तर?"

"ही बाईच अडाणी, मावशी. इतक्या जुन्या मरणाला कोणी अलीकडचं म्हणतं का?"

यमुना मान खाली घालून पोरीला थोपटत होती. शिपायांनी शिडी भिंतीला टेकवली.

मी आवाज चढवला नाही. म्हटलं, "विष्णू, तुझी आई गेली तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं, आज साहेबाने तुझ्या दारात येऊन हेच विचारलं, तर तुझ्या तोंडी पहिलं नाव कुणाचं येईल ते सांग, आणि मग खुशाल त्यांना वर चढू दे."