मावशीचं उसनं नाक

माझी मावशी बिअर बनवते. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग तिचं वय विचारतात आणि शेवटी हळूच, मिळते कुठे ते विचारतात. बूट बनवायच्या जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये एक छोटी ब्रुअरी आहे, तिथली ती मुख्य कारागीर. सगळे तिला उस्ताद म्हणतात. ताडमाड उंच मालकही म्हणतात, आणि ते तिच्याशी बोलताना आपोआप वाकतात.

मागे एका तापात तिला वास येईनासा झाला. ताप उतरला, वास काही परत आला नाही. स्वयंपाकघरात दूध करपून कोळसा झालं तरी ही शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेली. उद्या गॅस चालू राहिला तर, या धास्तीने आईने मला तिच्याकडे राहायला धाडलं. नाटकाच्या तालमी नसतील तेव्हा मी मावशीचं नाक.

घरात ते चालून गेलं. पण ब्रुअरीत वास न येणारी उस्ताद काय कामाची? मालकांनी फार सभ्यपणे सुचवलं, की ताईंनी आता ऑफिसात बसावं, फोन घ्यावेत. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि एक टाकी मागितली. तिला काळपट, जड, माल्टच्या चवीची लागर बिअर करायची होती. कित्येक वर्षं डोक्यात होती, पण ती गारठ्यात महिनोन्महिने मुरावी लागते, आणि धंद्यात टाकी एवढी अडकवून ठेवायला कोण तयार होणार? मावशीने सांगून टाकलं, की बिघडली तर गटारात ओता, मी मुकाट्याने फोनपाशी बसते.

ती करताना मी पाहिलंय. मोड आणून भाजलेला जव, म्हणजे माल्ट, ती दाताखाली धरायची आणि डोळे मिटून फुटल्याचा आवाज ऐकायची. मग भरडलेल्या माल्टचा गरम पाण्यातला लगदा. त्यातला थोडा वेगळ्या पातेल्यात काढून उकळायचा, परत मोठ्या पिंपात ओतायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा उकळायचा. रंग येतो तो त्यातून. तळाला लागायला लागलं की नाक आधी ओरडतं. तिचं नाक गप्प होतं. ती लाकडी वल्हं फिरवत राहायची आणि हाताला जराशी ओढ लागली की आच उतरवायची. एकदाही लागू दिलं नाही. तल्लीन होण्याचा अभिनय मी पुष्कळ केलाय. त्या दिवशी पिंपामागे उभं राहून मला माझी लाज नाही वाटली, पण बोलावंसंही वाटलं नाही.

बिअर आंबून झाली. आता गारठ्यात मुरायला टाकायच्या आधी एक परीक्षा असते. मावशीने टाकीतून दोन पेले काढले. एक तसाच ठेवला, दुसरा बशीने झाकून गरम पाण्यात उभा केला आणि मग निववला. कोवळ्या बिअरमध्ये लोण्याचा वास दडलेला असतो आणि ऊब मिळाली की तो बाहेर येतो. आला, तर बिअर कच्ची. तशीच गार केली, तर तो वास कायमचा तिच्यात राहतो.

पहिला पेला हुंगून मी सुरू झाले, की जुन्या लाकडी कपाटातला काळोख, त्यात कुणीतरी विसरलेली...

"मला कविता नको," मावशी म्हणाली. "लोणी आहे का सांग."

पहिल्यात नव्हतं. दुसऱ्यावरची बशी काढली. आलं. अगदी पुसट, सिनेमा थिएटरच्या दारात पॉपकॉर्नचं येतं तसं.

मालक खिशात हात घालून दारात उभे होते. टाकी अजून अडकली तर त्यांचा आधीच ताणलेला धीर सुटणार, हे मलाही दिसत होतं. मावशी माझ्याकडे बघतच नव्हती. भिंतीकडे तोंड करून उभी होती.

"आहे," मी म्हणाले. "थोडं."

मावशी म्हणाली, टाकीला आणखी काही दिवस जरा ऊब देऊ, यीस्ट ते लोणी स्वतःच खाऊन टाकेल. मालकांनी विचारलं, यीस्टला पांघरूण आणि उशीही देऊ का. पण नाही म्हणाले नाहीत.

बसस्टॉपवर मावशी एकदम म्हणाली, "तू 'नाही' म्हणाली असतीस, तर पुढे तुझं एकही 'छान' मला खरं वाटलं नसतं. तुझा धंदाच सोंगाचा."

पुढच्या परीक्षेत लोणी नव्हतं. टाकी गारठ्यात गेली ती थेट थंडी सरता सरता उघडली.

पेल्यात ती कॉफीसारखी काळी दिसत होती. खिडकीशी धरली तर कडेला माणकासारखी लाल. मी घोट घेतला. आधी भट्टीतून आत्ता काढलेल्या पावाची कड आली, मग मनुका, मग करपू की नको अशा बेताला पोचलेली साखर. सगळं गोड, आणि तरी गिळल्यावर तोंडात गोडाचा मागमूस नाही. मग छातीत हळूहळू ऊब पसरत गेली, कुणीतरी आत दिवा लावल्यासारखी. हे या बाईने एकाही वासाशिवाय केलं होतं.

मालक पेला घेऊन उलट्या क्रेटवर बसले. इतक्या खालून ते मावशीकडे पहिल्यांदाच बघत असतील.

"उस्ताद," ते म्हणाले, "दुसरी टाकी कधी भरायची?"

"मोकळी द्याल तेव्हा," मावशी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पण हातातला रिकामा पेला तिने उगाचच दोनदा पुसला.

मालक बाकीच्यांना बोलवायला गेले. मग तिने स्वतःसाठी भरून घेतली. एक घोट तोंडात धरला, गिळला.

"गोड कळतं. मागून कडू कळतं. जड आहे ते कळतं," ती म्हणाली. "मधलं काय आहे?"

मी सांगायला लागले. माझ्या एकेका शब्दाबरोबर ती एकेक घोट घेत होती, डोळे मिटून, माल्ट फोडताना ऐकायची तशी. मी मनुकांवर आले तर तिने हात वर केला.

"हळू जा," ती म्हणाली. "ती पावाची कड परत सांग."